लंडनची बाकं

लंडनला जाऊन काय काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की आजही माझं डोकं फिरतं. परत आलो तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत आठवडाभर हाच प्रश्न चालला होता. राणीचा वाडा पाहिलास का, ते मोठं घड्याळ पाहिलंस का, आपला कोहिनूर पाहिलास का. मी काय सांगणार, कपाळ! मी बाकं पाहिली. नदीकाठची, बागांतली, चर्चच्या आवारातली, बस थांबतात तिथली. बहुतेक सगळी ओली होती. एका शहाण्या माणसानं आयुष्यात एकदा लंडन बघायला जावं आणि थंडीत कुडकुडत, अर्ध्या पोटी, बाकांवर बसून परत यावं, असं कुठे ऐकलंय का?

मी परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होतो. गिरणीत नवे माग येणार होते. ते जिथे तयार होत त्या उत्तर इंग्लंडमधल्या गावी सहा महिने शिकायला दोघा-तिघांना पाठवायचं ठरलं आणि माझं नाव लागलं. शिकवणीचे पैसे त्या गावी हजर झाल्यावर सुरू होणार होते. तोवरचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, आणि परदेशी चलन तर सरकार डोळ्यांत औषध घालावं तसं द्यायचं. पण बोट हजर व्हायच्या दिवसाच्या तीन दिवस आधी लागत होती. म्हणजे मधले तीन दिवस लंडन माझं!

त्या तीन दिवसांसाठी मी महिनाभर आधीपासून तयारीला लागलो होतो. फूटपाथवर एक पानं सुटलेलं, कव्हर गेलेलं लंडनचं मार्गदर्शक पुस्तक मिळालं होतं. रात्रपाळीहून आलो की गॅलरीत बसून ते वाचायचो. फुकट काय आहे, पायी किती जाता येईल, सगळं तोंडपाठ झालं. म्युझियम फुकट, चित्रं फुकट, पूल तर फुकटच. पैसे टाकून फक्त एकच गोष्ट बघायची होती, टॉवरमधला कोहिनूर. चाळीतल्या प्रत्येकानं बजावून सांगितलं होतं की बाकी काही बघ, नको बघू, पण आपला हिरा बघून ये. जणू मी तो घेऊनच येणार होतो.

आणि नेमका तेव्हाच शेजारच्या काकींचा डबा माझ्या गळ्यात पडला.

काकी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीतल्या. मूळ मालवणकडच्या, नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे. थोरला दादा गिरणीत मागावर होता. धाकटा माझ्या वर्गातला, माझा मित्र. तो हुशार निघाला म्हणून दादानं फंडातले पैसे काढून त्याला लंडनला धाडलं होतं. दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळी इंजिनिअरिंगचे वर्ग, असं त्याचं चाललं होतं. शेवटची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होती.

मी निघालो त्याच वर्षाच्या सुरुवातीला, थंडीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दादाही गेला. तो काही पुढारी नव्हता, मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याला मोठ्यानं बोलायची सवय होती, एवढंच. नाक्यावर गोळीबार झाला. त्याला खांद्यावर घालून परळच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे नाक्यावर त्याचा फोटो लागला, हार पडले, भाषणं झाली. काकी बाजाराला जाताना तो रस्ता टाळून भोईवाड्याकडून वळसा घालून जायला लागल्या.

आमच्याकडे मयताची बातमी टपालानं येते ती कोपरा फाडलेल्या कार्डावर. ते कार्ड कुणी उंबऱ्याच्या आत आणत नाही. बाहेर उभ्या उभ्या वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, सरळ नळावर जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. बातमी छपराखाली ऐकायची नाही. तसं कार्ड धाकट्याला कुणी पाठवलंच नाही. काकींनी मला बोलावून सांगितलं, "तेका कळवू नको हां. परीक्षा होईसर नाय. कळला तर सगळा टाकून येतलो, आणि माझ्या मोठ्या झिलान केलेला फुकट जातला."

काकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं पहिल्यापासून मीच लिहायचो. त्यामुळे तेव्हापासून 'दादा बरा आहे, रात्रपाळी असते म्हणून लिहायला होत नाही' हे वाक्यही माझ्याच हातानं जायला लागलं. आता हेच तोंडानं सांगायचं होतं, समोर बसून, तीन दिवस. मी आईजवळ कुरकुर केली तर ती म्हणाली, "तुझं काय जातं रे? डबा द्यायचा, बरं आहे म्हणायचं आणि पुढे जायचं." आयांना सगळं सोपं वाटतं.

डबा काकींचा होता, पितळेचा, झाकणाला पोचा आलेला. आतल्या करंज्या माझ्या आईनं केल्या. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, चुलीवर तेलाची कढई चढत नाही. फराळ शेजारी आणून देतात. आमच्या खोलीत स्टोव्ह पेटला, बोटीवर टिकाव्यात म्हणून सुक्या खोबऱ्याचं सारण केलं, आणि काकी पिठाला हात न लावता बाजूला बसून राहिल्या. आईच्या हातची मुरड चाळीत प्रसिद्ध होती. काठ बोटांनी दुमडत दुमडत ती अशी वेणी घालायची की बघत राहावं. करंज्या डब्यात भरताना काकी एवढंच म्हणाल्या, "तेका माझ्या नावान दी."

बॅलार्ड पिअरवरून निघालो ते लंडनच्या स्टेशनात उतरेपर्यंत मी तो डबा तान्ह्या पोरासारखा सांभाळला.

धाकटा स्टेशनवर आला होता. वाळला होता, अंगात कुणाचा तरी जुना ओव्हरकोट. त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय रे, आलास शेवटी! आई कशी आहे? दादा?"

"काकी मस्त. दादा बरा आहे, रात्रपाळी असते," मी म्हणालो. पाठच होतं.

स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून त्यानं तिथेच डबा उघडला. मला वाटलं आता तुटून पडेल. त्यानं एक करंजी उचलली, उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. मग ती परत ठेवून झाकण लावलं. "आत्ता भूक नाही," म्हणाला. मला मात्र कडकडून भूक लागली होती. एक पुढे करावी एवढंही त्याला सुचलं नाही. हा गोऱ्यांच्या देशात येऊन चांगलाच कंजूष झालाय, असं मी मनात म्हटलं.

त्या क्षणापासून माझे हाल सुरू झाले. कारखान्यातून त्यानं तीन दिवस रजा घेतली होती. मी खूश झालो, फुकटचा वाटाड्या मिळाला म्हणून. म्युझियमच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. एवढे मोठाले खांब, आत फुकट, आणि हा म्हणतो, "आत कशाला? चल, तिकडे बाग आहे, बसू." मी म्हटलं, अरे, बाग काय, राणीच्या बागेत जन्मभर बसलोय. तो ऐकेना. चित्रांच्या दालनापाशी तेच. एका चर्चमध्ये नुसतं डोकावू म्हटलं तर माझी बाही धरून त्यानं मला मागच्या आवारात नेलं आणि थडग्यांच्या मधल्या बाकावर बसवलं. समोर बाकावर एक म्हातारा कबुतरांना पाव घालत होता. आम्हा दोघांपेक्षा ती कबुतरं जास्त जेवली असतील.

"तुझी खोली तरी दाखव," मी म्हणालो, "पाय शेकून घेतो जरा."

"नको. घरमालकीण कटकट करते."

बाकावर बसलं की तो म्हणायचा, "हं, बोल." आणि माझ्याकडे बघत राहायचा. काय बोलू? मी काकींचं सांगायचो. त्यांचे गुडघे कसे धरलेत, नळावर त्यांचं खालच्या मजल्यावरच्या बाईशी कसं भांडण झालं, कोंबडी कापायची झाली की अजून कशा डोळे मिटतात. तो ऐकायचा, मधेच हसायचाही. मग विचारायचा, "आणि दादा?"

"बरा आहे. रात्रपाळी असते."

"तब्येत?"

"बरी आहे."

दुसऱ्या दिवशीही हेच. मोठ्या तळ्याकाठी आणखी एक बाक, धुकं असं की तळ्यातली बदकं नुसती ऐकू यायची. कागदात गुंडाळलेल्या बटाट्याच्या गरम कापांची दोघांत एक पुडी घेतली होती, तेवढंच दुपारचं जेवण. "इथे कुणी येत नाही," तो म्हणाला. "शांत आहे. बोल काय बोलायचंय ते."

मी वैतागून चळवळीचं सांगत सुटलो. प्रभातफेऱ्या, डिलाईल रोडवरच्या सभा, बायका लाटणी घेऊन कशा उतरल्या, 'झालाच पाहिजे'नं भिंती कशा हादरायच्या. सांगता सांगता मलाच चेव आला.

"आपल्या चाळीतले कोण कोण होते?" त्यानं विचारलं.

"सगळेच होते."

"कुणाला काही झालं?"

माझ्या तोंडात बटाटा होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढाच मला विचार करायला मिळाला. "किरकोळ लागलं काही जणांना," मी म्हणालो. "हे तुला पत्रात लिहिलं होतं की."

"हो, लिहिलं होतंस," तो म्हणाला आणि कागदाची घडी करत बसला.

त्या संध्याकाळी मी उतरलो होतो त्या वसतिगृहाच्या खाटेवर पडल्या पडल्या मी काकींना शिव्या घातल्या, आईला घातल्या, त्यालाही घातल्या. मी इथे यायला महिनाभर जागरणं केली आणि माझं लंडन ह्या तिघांनी मिळून खाल्लं, असं मला खरोखर वाटत होतं. खोटं बोलायलाही माझी ना नव्हती. पण माणूस खोटं बोलून मोकळा तरी व्हावा ना! हा मला बाकाबाकावर बसवून तेच तेच परत बोलायला लावत होता.

तिसऱ्या दिवशी मी ठाम सांगितलं की आज टॉवर. पैसे बाजूला ठेवलेत, तुझेही मी भरतो, पण आज मी कोहिनूर बघणार म्हणजे बघणार. तो निमूट माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. ऊन पडलं होतं, लंडनमध्ये आल्यापासून पहिल्यांदा. रांग हळूहळू सरकत होती. खिडकी जवळ आली, मी खिशातले पैसे मुठीत घेतले, पुढे एक गोरी बाई आणि तिची मुलगी एवढीच उरली होती.

"कोण रे?" तो माझ्या मागून म्हणाला. "आई की दादा?"

मी वळलो. त्याचा चेहरा पाहिला आणि माझं पाठांतर संपलं. "दादा," मी म्हणालो.

खिडकीतला माणूस काहीतरी विचारत होता. आम्ही रांगेतून बाहेर पडलो.

नदीकाठी एक बाक होतं. तिथे बसलो आणि माझा राग उफाळून आला. "तुला माहीत होतं?" मी ओरडलो. "कधीपासून?"

"स्टेशनवर. डबा आईचा, आणि एकूण एक करंजीला मुरड तुझ्या आईची. माझी आई मुरड घालत नाही, कातण्यानं काठ कापते, तुला माहिती आहे. तिच्या डब्यात तिच्या हातचं एक नाही, म्हणजे आमच्याकडे कढई चढली नाही."

आम्ही एवढं सगळं सांभाळलं होतं. पत्रं जपून लिहिली, चाळीतल्या पोरासोरांना तंबी दिली, आणि करंज्या केल्या त्या रीत पाळून केल्या. त्या रितीनंच बिंग फुटेल हे दोन्ही घरांतल्या एकालाही सुचलं नाही. आता मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

"मग तेव्हाच विचारायचंस ना! मेल्या, तीन दिवस मला फिरवलंस!"

"असली बातमी विचारून घेतात का?" तो म्हणाला. "तू सांगशील असं वाटत होतं. म्हणून तुला बाहेर ठेवलं. छपराखाली कसं ऐकू? पहिल्या दिवशी मला आईच वाटली. मग तू तिच्या गुडघ्यांचं सांगायला लागलास, भांडणाचं सांगितलंस. दादाचं मात्र दर वेळी तेच वाक्य. पत्रातलं."

मी इथे चित्रं नि पुतळे चुकले म्हणून जळत होतो आणि हा माझ्या शेजारी बसून, आपली आई गेली की भाऊ, हे माझ्या बडबडीतून वेचत होता. पहिल्या दिवशी तो हसला होता तो का, ते मला आत्ता कळलं.

मग मी सगळं सांगितलं. नाका, गोळी, इस्पितळ, फोटो. त्यानं फार विचारलं नाही. "घोषणा देत होता का?" एवढं विचारलं.

"सगळ्यांत मोठ्यानं."

"त्याचा आवाज फाटायचा," तो म्हणाला, आणि मग रडला. बोटी जात येत होत्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही माझी दुसरी मूठ कोहिनूरच्या पैशांवर आवळलेलीच होती.

थोड्या वेळानं तो उठला. "आंघोळ करायला हवी."

त्याच्या घरमालकिणीकडे न्हाणीघर फक्त शनिवारी मिळायचं. त्याच्या वस्तीत नगरपालिकेचं सार्वजनिक स्नानगृह होतं, तिथे गेलो. पैसे भरले की टॉवेल, साबणाची वडी आणि एक नंबरची खोली. नळ आत नव्हतेच. बाहेर एक जाडजूड बाई चावी घेऊन फिरायची, आतून कुणी हाक मारली की त्याच्या नंबरचं गरम नाहीतर थंड पाणी सोडायची. मी टॉवरचे पैसे खिडकीत दिले. तो आत गेला आणि मी बाहेर बसलो, अर्थात बाकावर.

इतर खोल्यांतून आरडाओरडा चालला होता, चार नंबर गरम, सात नंबर थंड. त्याच्या खोलीतून आवाज येईना. बाईनं दोनदा दार वाजवून विचारलं, आणखी पाणी हवं का. उत्तर नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, गरम सोडा, भरपूर. तिनं चावी फिरवली. आत बादल्यांनी ओतल्यासारखा पाण्याचा आवाज झाला आणि दाराखालून वाफ यायला लागली.

बाहेर आला तेव्हा त्याचे केस निथळत होते. मला स्टेशनवर सोडताना, वाटेत खोलीवरून आणलेला रिकामा डबा माझ्या हातात देत तो म्हणाला, "मला कळलंय हे आईला कळू देऊ नकोस. परीक्षा होईपर्यंत. तिला वाटू दे, मला माहीत नाही म्हणून. नाहीतर ती तिथे माझी काळजी करत बसेल."

म्हणजे आता इकडूनही तेच! आईसाठी मुलाशी खोटं बोलून मी थकलो होतो, आता मुलासाठी आईशी बोलायचं. मी गाडीत बसलो आणि पुढच्या सहा महिन्यांत मागांची दातेरी चक्रं शिकता शिकता हाच प्रश्न मला छळत राहिला. लंडनला परत जायला पैसे उरले नाहीत. बोट दुसऱ्याच बंदरातून सुटली.

चाळीत पोचलो तेव्हा हिऱ्याचं विचारणाऱ्यांची गर्दी हटायला दुपार झाली. मग काकी आल्या. दारातच बसल्या, आत नाही. रिकामा पितळी डबा मी आणला होता, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि झाकणाच्या पोच्यावरून हात फिरवला.

"करंज्यो आवाडल्यो रे तेका?"

"आवडल्या म्हणजे काय!" मी म्हणालो. वाटेतच ठरवून ठेवलं होतं. "तिथेच स्टेशनवर खायला लागला. म्हणाला, आईच्या हातच्या त्या आईच्या हातच्या."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. आत माझी आई भांडी लावत होती, तिचा हात थांबला. त्या करंज्या कुणाच्या हातच्या होत्या हे त्या दोघींना माहीत होतं, आणि आपलं पोर कातण्याचा काठ नि मुरड यांत फसणारं नाही हेही. खालच्या नळावर कुणीतरी कळशी लावली होती, ती भरून वाहायला लागली तरी कुणी खाली ओरडून सांगितलं नाही.

काकींनी पदरानं डबा पुसला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आंघोळ केल्यान मा रे तेना? गरम पाण्यान?"

"हो," मी म्हणालो. "भरपूर गरम होतं."